दहाने भागा, पुन्हा दहाने

ओसोंगला गाडी थांबते तेव्हा उजाडलेलं नसतं.
प्यो यॉनसिल उतरते, हातात जवाचा गरम चहा,
पाठीवरच्या पिशवीत एकशे साठ उंदरांचा हिशेब.

फळ आपल्या कोकमाच्या गोतातलं.
साल वाळवून, अर्क काढून
हिरव्या कॅप्सुलीत भरतात.
रात्री एक वाजता टीव्हीवर विकतात,
दोन डब्यांवर एक फुकट,
आणि विकणारी बाई आपली जुनी पँट
दोन्ही हातांनी ताणून धरते:
बघा, एवढी होते मी.

यॉनसिलचं काम इतकंच की
रोज किती, ते ठरवायचं.
किती घेतली तर काही होत नाही.
हे ‘काही होत नाही’सुद्धा मोजावं लागतं,
त्याला नव्वद दिवस लागतात
आणि शेवटच्या दिवशी एक लहानशी कात्री.

तिसऱ्या गटातले सगळे धडधाकट.
चौथ्यातल्या अकरांची काळजं फिकी,
कडेला पिवळी.
तिला सूक्ष्मदर्शकाआधीच कळलं होतं.
आई चॉन्जूच्या बाजारात
रक्ताच्या सॉसेजसोबत डुकराचं काळीज वाफवून विकायची,
आणि शिळं कुठलं हे पोरीला रंगावरून ओळखायला लावायची.
त्यांच्या भाषेत धीट माणसाचं यकृत मोठं असतं.
आपण काळीज म्हणतो.
खाटकाला विचारलं तर एकच.

तर तिसऱ्या गटाचा आकडा घ्यायचा.
दहाने भागायचा,
कारण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.
पुन्हा दहाने भागायचा,
कारण माणूस म्हणजे माणूस नव्हे.
एक जण रात्री सोजू पितो,
एकीने कालपासून फक्त काकडी खाल्लीय,
एकाचं काळीज जन्मापासूनच कच्चं, आणि त्याला पत्ता नाही.

बैठकीत कंपनीचे ग्वाकसाहेब घसा खाकरतात.
दुसरा दहा जरा फार होतो.
आमचे ग्राहक निरोगी, प्रौढ.
तीन चालेल.

यॉनसिल वाद घालत नाही.
एक कागद पुढे सरकवते.
नावावर काळी पट्टी. वय एकोणतीस.
लग्नाला सतरा दिवस.
डब्यावर दोन लिहिलेलं, ती सहा घेत होती.
वजन सत्तेचाळीस किलो.

ग्वाकसाहेब म्हणतात, वाईट झालं. पण तिने डबा वाचायला हवा होता.

वाचला होता.
यॉनसिलचा आवाज चढत नाही, चहा मात्र निवून गेलेला.
त्यावर दोन लिहिलं होतं.
सहा का नकोत, ते लिहिलं नव्हतं.
घाईत असलेल्या माणसाला दोन हा आकडा
कंजूषपणा वाटतो, साहेब.
मला असं दोन हवंय
ज्याच्या पोटात तिचे सहा मावतील.

कुणीतरी खिडकी लावतं.
कुणीतरी विचारतं, साठ किलोचंच माणूस धरायचं ना?
धरायचं. नेहमीप्रमाणे.
साठ किलोचं ते माणूस
आजवर कुणी पाहिलेलं नाही,
पण त्याच्यासाठी सगळं ठरतं,
मीठ, कीटकनाशक, ओठांचा रंग.

दहा टिकतात. कसेबसे, पाच विरुद्ध चार.

परतीच्या गाडीत समोर एक मुलगी,
मनगट असं की घड्याळ कोपरापर्यंत घसरावं.
ती पिशवीतून हिरवा डबा काढते.
पाणी नाही. थुंकीबरोबरच गिळते.
एक.
यॉनसिल काचेकडे बघितल्यासारखं करते.
दोन.
बोलावं का? काय म्हणून?
मी कोण, तर भागाकार करणारी बाई.

हात पुन्हा पिशवीत जातो.
चाचपडतो.
लिपस्टिक निघते.

यॉनसिलचा श्वास सुटतो,
आणि सवयीने मनातल्या वहीत नोंद होते:
संध्याकाळी दोन.
सकाळचं माहीत नाही.